सातवी गेली

तू गेलीस हे मला वर्ध्याच्या होलसेलवाल्याने फोनवर सांगितलं आणि मी पार्लरच्या दारात उभी राहून ओरडले, "सातवी गेली!"

शेजारच्या शोभाकाकूंनी ते ऐकलं. दहा मिनिटांत त्या डोक्यावर पदर घेऊन आल्या, चपला पायरीखाली काढल्या आणि दोन खुर्च्या रिकाम्या असताना खाली फरशीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कदी झालं वो, सुनंदा? बिमार होती का?"

"कोण?"

"सातवी. तुह्या माहेरची ना? मले तं तुम्ही दोघीच बहिणी माहीत होत्या. पण तू एवढी कल्ला करून राह्यली, म्हून म्हटलं जवळचीच असन."

मी तुझी संपत आलेली नळी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, काकू, ही सातवी. मेकअपची कांडी. कंपनीने बंद केली. काकूंनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. "माय वो! कांडीसाठी एवढं?" गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चपला घातल्या आणि तिथेच थांबल्या. "आमच्या रेखाले लग्नात लावली होती, तेच का?"

"तेच."

काकू परत आल्या, चपला काढल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मी चहा ठेवला. दूध फाटलेलं निघालं म्हणून कोराच प्यालो.

तुझ्यासाठी तेवढी एकच बाई बसली, सातवी. कंपनीने तर तू गेलीस हे कबूलसुद्धा केलेलं नाही. तीच तपकिरी नळी, तीच सोनेरी कडी, बुडाला तोच सातचा आकडा, आणि आत भलतीच कोणीतरी. खोक्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय, 'नवीन, आता अधिक उजळ'. अधिक उजळ! मेल्यांनो, उजळ करायला तुम्हाला सांगितलं कोणी? मी त्या खोक्यावरच्या नंबरवर फोन लावला. एका पोरीने साखर घोळवल्यासारख्या आवाजात सांगितलं, "मॅम, ये हमारा नया फॉर्म्युला है. कस्टमर की डिमांड थी."

कोणत्या कस्टमरची? वीस वर्षं मी तुला घेतेय. मले कोणी विचारलं? शोभाकाकूंना विचारलं? रेखाला विचारलं? ती म्हणाली, "मॅम, सात नंबर तो अभी भी अवेलेबल है." मी म्हटलं, पोरी, माणूस मेल्यावर त्याच्या नावाचं रेशनकार्ड चालवतात ना, तसं तुम्ही तिचं नाव चालवून राह्यले. तिला ते कळलं नाही. तिने विचारलं, "और कोई सहायता, मॅम?"

लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की शाळेतल्यासारखं नीट लिहायचं. पण राग आला की माझं 'मला'चं 'मले' होतं. तुला सवय आहे.

आपली पहिली भेट नागपूरच्या मेकअपच्या क्लासमध्ये झाली, माझ्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. शिकवणाऱ्या मॅडमनी नऊ कांड्यांची पेटी उघडली आणि त्यातल्या पहिल्या चारच बाहेर काढल्या. मी शेवटच्या बाकावरून विचारलं, "बाकीच्या?" त्या म्हणाल्या, "त्या कडेला लावायच्या, नाक बारीक दिसायला. चेहऱ्याला नाही." जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे घेऊन बाहेर गेल्या तेव्हा मी तुला उघडलं आणि मनगटावर ओढलं. तू दिसेचना. मला वाटलं, ही वाळून गेलीय, लागतच नाही. परत ओढलं. मग खिडकीशी जाऊन मनगट उजेडात तिरकं केलं, तेव्हा कळलं की तू चांगली लागली होतीस. माझ्या कातडीत आणि तुझ्यात फरकच नव्हता. माझ्या रंगाचं काहीतरी कोणीतरी मुद्दाम बनवून, नळीत भरून, वर आकडा घालून विकायला ठेवलंय, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. त्या दिवशी मी डबा खाल्लाच नाही.

तुला ठाऊक आहे मी एवढी काऊन हलले ते. वीस वर्षांची असताना मला पाहायला आले होते. मे महिना, भर दुपार, वर टिनाचं छत. मोठ्या मामीने माझ्या तोंडाला पांढरी पावडर थापली, कानापर्यंत, मानेपर्यंत. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि कपाळावर घाम फुटला. तो पावडरीतून वाट काढत नाकाच्या बाजूने हनुवटीपर्यंत आला. मग दुसरा ओघळ. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "पोट्टी पिठाच्या डब्यात पडली होती का?" सगळे हसले. माझे बाबाही हसले. पाहुण्यांचं मन राखायला हसले असतील, पण हसले. दारामागे माझी लहान बहीण बेबी उभी होती, दहा-अकरा वर्षांची. ती तेवढी रडली. मी तर रडूही शकत नव्हते, अजून एक ओघळ आला असता.

तू असतीस तर कामाला आली असतीस गं. तेव्हा कुठे होतीस?

पुढे माझं लग्न झालं, पुलगावात आले, तू भेटल्यावर समोरच्या खोलीत पार्लर टाकलं आणि एक नियम केला. सावळ्या पोरीला सावळीच ठेवायची. त्यावरून किती भांडणं केलीत आपण दोघींनी! नवरीची आई मागे उभी राहून म्हणायची, "ताई, थोडी उजळ करा ना वो, एकच तं दिवस हाये." मी म्हणायची, "बाई, नवरी ओळखू तर आली पाहिजे." काही जणी पोरीला उठवून दुसऱ्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. जाऊ देत. ज्या थांबल्या त्यांच्या पोरी अल्बममध्ये अजून स्वतःसारख्या दिसतात. रेखाचं पोरगं फोटोवर बोट ठेवून 'आई' म्हणतं. दुसऱ्या पार्लरला गेलेल्या पोरींची पोरं विचारतात, ही कोण.

तुझ्यात खोडी नव्हत्या असं नाही. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण मी खोटं बोलणार नाही. उन्हाळ्यात तू लोण्यासारखी ढासळायचीस. कूलर, फॅन, काही चालायचं नाही तुला. शेवटी मी तुला स्टीलच्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या रेतीत पुरायला लागले. घरी पाणी प्यायला आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, "इथं काय पुरलं?" आणि दुसरी खोड म्हणजे डाग. टेरिकॉटवरून, पॉलिस्टरवरून तू मुकाट निघायचीस. पण सुती कापडाला एकदा लागलीस की लागलीस. लिंबू झालं, सोडा झाला, रॉकेल झालं. माझा एक टॉवेल धड ठेवला नाहीस. बेबीची चांगली सुती साडी एका बोटाने खराब केलीस, तिने ती पुढे पोछ्याला काढली. किती शिव्या घातल्यात मी तुला त्यापायी.

बेबीची पोरगी पल्लवी तुझी लाडकी. दहावीच्या निरोप समारंभाला तिला पहिल्यांदा तू लागलीस. आरशात पाहून ती म्हणाली, "मावशी, ही माझ्याच रंगाची आहे, तर मग लावायची कशाला?" मी म्हटलं, मुरमांचे डाग झाकते, तोंड एकसारखं करते. ती म्हणाली, "म्हणजे झाकतेच ना? मग पावडरीत आणि हिच्यात काय फरक?" मी म्हटलं, "चूप बस, डोळे मिट." पोरगी चूप बसली, पण प्रश्न काही गेला नाही. नंतर कित्येक दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी तुला हातात फिरवत विचारलंय, सांग बाई, तू खरी की खोटी? तू काय बोलणार.

आता पल्लवी सव्वीसची आहे. वर्ध्याच्या एका बँकेत काउंटरवर बसते. लग्नाचा बायोडाटा तिने स्वतः टाइप केला आणि रंगाच्या पुढे लिहिलं, सावळा. बेबीने खोडून 'निमगोरा' केलं. पल्लवीने परत 'सावळा' केलं. बेबीने परत खोडलं. असं दोन-तीनदा झालं. शेवटी जो कागद सेलूच्या एका दुकानदाराच्या घरी गेला त्यावर 'सावळा' होतं, आणि बेबी चार दिवस पोरीशी बोलली नाही.

सेलूहून पाहायला यायचे होते सिंदी मेघ्याला, बेबीच्या घरी. तुझी जुनी नळी तळाला गेली होती म्हणून मी नवीन खोकं घेतलं होतं, सील न फोडलेलं. तिथे जाऊन फोडायचं, मनगटावर ओढायचं, मग लावायचं, ही माझी वीस वर्षांची पद्धत. पण पाहुणे तासभर आधीच आले. त्यातच लाइन गेली. शेजारणी डोकावतात म्हणून बेबीने पडदे लावून घेतलेले, वर इन्व्हर्टरचा एक पिवळा बल्ब. बेबी दारातून "आटप ना वो ताई, आटप" करत होती. मी सातचा आकडा पाहिला आणि थेट पल्लवीच्या गालाला लावलं. मनगटावर ओढलं नाही. वीस वर्षांत एकदाच ओढलं नाही. ही चूक कंपनीची नाही, माझी आहे. तुझा जीव गेला होता आणि मला मढं ओळखू आलं नाही.

पल्लवी पोहे घेऊन बाहेर गेली आणि लाइट आली. मुलाच्या आत्याने तिला वरून खालून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, "पोरगी तं निमगोरी हाये! कागदावर सावळा काऊन लिहिलं? लोकं वाढवून लिहितात, तुम्ही कमी करून लिहून राह्यले!" सगळे हसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. पोरीचं तोंड एका रंगाचं, मान दुसऱ्या रंगाची. ओढणी होती म्हणून कोणाला दिसलं नाही, पण मला दिसलं. आणि मी गप्प राहिले. बेबीचं तोंड इतकं फुललं होतं की माझ्याने बोलवलं नाही. घरी आल्याबरोबर ती नवी कांडी मनगटावर ओढली. पांढरा पट्टा उमटला, भिंतीवर चुना ओढावा तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी होलसेलवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "ताई, जुना सात बंद झाला ना, आता हेच येते," आणि मी दारात जाऊन ओरडले. शोभाकाकू आल्या त्या तेव्हा.

काकूंना सांगितलं. बेबीला सांगितलं नाही. पल्लवीलाही नाही. सेलूहून होकार आला, साखरपुड्याचा, आमच्याकडच्या साक्षगंधाचा, रविवार ठरला, बेबीने बुंदीची ऑर्डर दिली, आणि मी म्हटलं, आता कशाला. तुझ्यावर एवढं प्रेम म्हणून मिरवते, आणि तुझ्या जागी दुसरी बसली तर तोंडातून शब्द काढला नाही. हा माझा राग माझ्यावरच आहे, तो कुठे फोन करून सांगू?

मग ती आत्या काहीतरी कामासाठी पल्लवीच्या बँकेत गेली. पल्लवीने पाहिलं आणि काउंटरमागून उठून हात जोडले, "नमस्कार, आत्याबाई." आत्याने तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. "तू कोण?"

"मी पल्लवी. सिंदी मेघेची."

"तू ते नाई होय," आत्या म्हणाली, आणि काम न करताच निघून गेली. मागे रांगेत आठ-दहा माणसं उभी होती. पल्लवी खाली बसली आणि पुढचा नंबर बोलावला. हे तिने मला नंतर सांगितलं, हसत हसत सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

संध्याकाळी आत्याचा बेबीला फोन. "पाहाले एक पोरगी बसवली अन् देऊन दुसरी राह्यले का तुम्ही?" बेबीने देवाच्या शपथा घेतल्या. आधार कार्ड दाखवते म्हणाली. माझ्या बहिणीला स्वतःच्या पोरीचं आधार कार्ड दाखवायची पाळी आली! दोन दिवस हे चाललं. मग सेलूचा निरोप आला. "बरं, आमचं काही म्हणणं नाई. पोरगी नोकरीवाली हाये, घर चांगलं हाये. पण साक्षगंधले मेकअप त्या दिवशीसारखाच पाहिजे. आमचे चार पाहुणे येतीन, त्यायले आम्ही निमगोरी सांगून ठेवलं."

वाचलंस? निमगोरी सांगून ठेवलं!

बेबीचा मला फोन आला. "ताई, त्या दिवशी लावलेली कांडी आनजो." तेव्हा मी सगळं सांगितलं. ती सातवी नव्हती, कंपनीने बदलली, मी पाहिलं नाही, माझं चुकलं. बेबी म्हणाली, "मले सात-आठ नको सांगू. पोरीचं जुळून राह्यलं."

मी म्हटलं, "बेबी, मला पाहायला आले होते तेव्हा तू दारामागे रडली होतीस. विसरलीस?"

"नाई विसरली. म्हूनच सांगून राह्यली. तुले नाकारलं होतं. माह्या पोरीले मी नाई नाकारू देत." आणि फोन ठेवला.

तू असतीस तर बेबीला काय उत्तर दिलं असतंस?

साक्षगंधाच्या सकाळी मी दोन्ही घेऊन गेले. नवी, भरलेली. आणि तू, नळीच्या कडेच्या खाली गेलेली, बोट पोहोचणार नाही अशी. आतल्या खोलीत पल्लवी आरशापुढे बसली होती. तिलाही मी सगळं सांगितलं, जे आधीच सांगायला हवं होतं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मावशी, जुनी थोडी उरली आहे का?"

"खरवडली तर निघेल. पुरेल की नाही सांगता येत नाही."

तिने स्वतःहून डोळे मिटले.

मी हेअरपिन सरळ केली आणि तुला तळातून खरवडून काढलं. सवयीने आधी मनगटाकडे हात गेला, मग थांबले. मनगटावर घालवण्याएवढी तू उरली नव्हतीस. कपाळाला थोडी, दोन्ही गालांना जपून. हनुवटीला पुरली नाहीस. तिथे मी नुसतंच बोट फिरवलं, पोरीला कळू नये म्हणून. बेबी आत आली, तिने पाहिलं आणि दाराला धरून उभी राहिली. "हे काय केलं वो, ताई?" बाहेर पाट मांडलेला होता, पाहुणे बसले होते, आता पुसून नवीन करायला वेळ नव्हता. पल्लवी उठली आणि बाहेर गेली.

आत्याने मुलाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. तिचं तोंड लालबुंद झालेलं. मग तिने पर्समधून रुमाल काढला, समोरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, पल्लवीची हनुवटी धरली आणि चाळीस माणसांसमोर तिचा गाल घासला. "पाहू दे. पाहू दे एकदाचा खरा रंग!"

मी पुढे धावले. पल्लवीने हात वर करून मला थांबवलं.

आत्याने रुमाल सगळ्यांना दाखवला. त्यावर तू होतीस, तपकिरी. "पाहा, निघून राह्यला का नाई!" मग तिने गालाकडे पाहिलं. गालही तपकिरी. तोच. तिने परत घासलं, जोरात, गाल तापेपर्यंत. रुमालावर तेच आणि गालावर तेच. त्यांच्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, "अवो, वरतं बी तेच अन् खालतं बी तेच हाये. काय घासून राह्यली तिले?"

पोरीने दहावीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू तिथे दिलंस, सातवी. मला दहा-अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

पल्लवीने आत्याच्या हातातून रुमाल घेतला, अगदी हळू, जसा काउंटरवरून कागद घेतात. कोरा कोपरा शोधून पाण्यात बुडवला. मुलाजवळ गेली. "निखिल, एक मिनिट हं." आणि त्याच्या गालावरून एकदाच फिरवला. रुमालाचा कोपरा पांढरा झाला. त्याच्या गालावर सावळा पट्टा उमटला, आपल्यासारखाच, चांगला घट्ट सावळा. बिचाऱ्यालाही सकाळी कोणीतरी थापलं होतं.

"तुमचा रंग चांगला आहे," पल्लवी म्हणाली. "काऊन झाकला?"

आणि ती थांबली. मी पाहत होते, ती खरंच थांबली होती. तो एक शब्द बोलला असता, हसला जरी असता, तरी माझी खात्री आहे, पोरगी त्याच्या शेजारी पाटावर बसली असती. त्याने आत्याकडे पाहिलं.

पल्लवीने रुमालाची घडी केली आणि आत्याच्या हातात दिली. "मी कागदावर सावळा लिहिलं होतं, आत्याबाई. तुम्ही वाचलं नाही." मग आत वळून म्हणाली, "आई, पानं वाढ. पाहुणे सेलूहून आले आहेत, उपाशी नको जायला."

पाहुणे जेवले. ती म्हातारी बाई तर बुंदी दोनदा घेऊन जेवली. आत्या आणि निखिल गाडीत बसून राहिले. साक्षगंध झालं नाही.

बेबी माझ्याशी बोलत नाही. मी फोन करते, ती उचलून पल्लवीला देते. मला तिचा राग येतो आणि येत नाही. तिला वाटतं मी पोरीचं जुळलेलं मोडलं, आणि मला रोज वाटतं की दारामागची ती लहान पोरगी अजून तिथेच उभी आहे. पल्लवी गेल्या रविवारी पुलगावला आली होती. खुर्चीत बसून गोल गोल फिरत म्हणाली, "मावशी, हनुवटीला पुरली नव्हती ना? मला कळलं होतं, बोट कोरडं लागत होतं." मग म्हणाली, "आईचं मी पाहते. तू नको रडू." मी रडत नव्हते. कांदा चिरत होते.

तुझ्या जागेवर काय करू ते मला कळत नाही. सहावी आणि नववी मिसळून पाहिली, रस्त्यावरच्या मुरमासारखा रंग होतो. दुसऱ्या कंपनीच्या कांड्या आणून पाहिल्या, एक विटेची, एक राखेची. पुढच्या महिन्यात देवळीची एक नवरी आहे, माझ्याहून सावळी, तिची आई आत्ताच विचारून गेली, "ताई, तुमच्याकडे सावळीले सावळीच ठेवता ना?" मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोणास ठाऊक. नुसतं काजळ आणि तेलाचं बोट लावून पाठवीन, पण ती उजळ सात नंबर माझ्या पार्लरात परत उघडणार नाही. खोकं मी कचऱ्यात टाकलं. शोभाकाकूंनी ते उचलून त्यात बटणं ठेवली आहेत.

तुझी नळी आता अगदी रिकामी आहे. तू उरली आहेस ती एकाच ठिकाणी, त्या बाईच्या रुमालावर. घडी करून पर्समध्ये घातला तिने, सेलूला घेऊन गेली. धुतला असेल. साबण लावला असेल, लिंबू लावलं असेल, सोड्यात रात्रभर घातला असेल. घास म्हणावं, बाई. घास.

सुती होता, सातवी. मी जवळून पाहिला.